बाद होण्याची किंमत

परभणीहून जिंतूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बोरी हे मोठे गाव. मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे येथेही रंगाच्या दिवशी पोरे पिचकाऱ्या घेऊन गल्लीबोळांत धावतात. या धावपळीत लपून बसणारा क्वचितच दिसतो. अंगावर रंग पडला म्हणून कोणी खेळातून बाद होत नाही, त्यामुळे समोरच्याच्या पिचकारीसमोर छाती काढून उभे राहण्यातच खरी मौज असते. दाराआडून सावधपणे डोकावतो तो ज्याला अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून परगावची बस पकडायची आहे तो गृहस्थ. रंग तोच आणि पिचकारीही तीच. पण एकाला भिजण्याची किंमत मोजावी लागणार आहे आणि दुसऱ्याला नाही. दोघांच्या वागण्यातील फरक एवढ्यावरूनच पडतो.

पेंटबॉल नावाच्या खेळाचे सारे मर्म या फरकात आहे. बोरीसारख्या गावात पेंटबॉलची बंदूक फारशी कोणी हाती धरली नसेल. परंतु नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला गेलेल्या तरुणांना हा खेळ आता अनोळखी राहिलेला नाही. लोणावळ्याच्या परिसरातील साहसी खेळांच्या केंद्रांवर कंपन्यांच्या सहली येतात, कर्मचाऱ्यांचे दोन संघ पाडले जातात, प्रत्येकाला जाड मुखवटा आणि ठरावीक रंगगोळ्या दिल्या जातात. जिलेटिनच्या पातळ कवचात पाण्याने धुता येणारा रंग भरलेली ही गोळी सुमारे 17 मिलिमीटर व्यासाची असते. दाबाखालील वायूच्या जोरावर ती बंदुकीतून सुटते आणि अंगावर आपटताच फुटते. तिचा वेग सेकंदाला 300 फुटांच्या आत ठेवण्याचा सर्वसाधारण दंडक आहे. गोळी लागली की झोंबते, क्वचित काळानिळा वळ उठतो आणि खेळाडू बाद होतो. पंधरा मिनिटांनी नवा डाव सुरू होतो, तेव्हा तो पुन्हा मैदानात असतो.

म्हणजे मरणाची किंमत पंधरा मिनिटे आणि एक वळ. एवढ्या स्वस्तात मरता येत असेल तर माणूस कसा वागेल? जसा वागतो तसाच. पहिल्या डावात वळाच्या भीतीने बहुतेक जण पिंपांच्या वा पोत्यांच्या आडोशाला चिकटून बसतात. गोळी एकदा अंगावर आदळली आणि ती सोसण्यासारखी असते हे कळले, की दुसऱ्या डावापासून चित्र पालटते. कोणी आरडाओरडा करत थेट शत्रूच्या निशाणाकडे धावत सुटतो, कोणी आपल्याच संघातील साहेबांच्या पाठीवर चुकून रंग उडवतो (ही चूक किती चुकून घडली याची चौकशी सहसा होत नाही). खऱ्या चकमकीत असा मनुष्य पहिल्या मिनिटातच कायमचा संपला असता. येथे तो हसत हसत मैदानाबाहेर येतो आणि त्याच्या धाडसाची वाहवा होते.

हा खेळ जन्मला तेव्हा मात्र असा नव्हता. अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यातील हेनिकर येथे 27 जून 1981 रोजी बाराजण एका जंगलात उतरले, तो पेंटबॉलचा पहिला डाव मानला जातो. त्यामागे एक जुना वाद होता. जंगलात जगून तगण्याची वेळ आली तर रानात वाढलेला माणूस टिकेल की शहराच्या बाजारात मुरलेला? वाद घालणाऱ्यांत चार्ल्स गेन्स हे लेखक होते आणि हेज नोएल हे न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातील व्यावसायिक. वादाच्या निकालासाठी त्यांनी वनखात्याचे लोक झाडांवर आणि पशुपालक गुरांवर खूण करण्यासाठी वापरत ती रंगाची बंदूक निवडली. प्रत्येकजण एकटा, प्रत्येकाला एकच आयुष्य. गोळी लागली की दिवस संपला. जंगलातील चार ठिकाणची निशाणे गोळा करून सर्वांआधी बाहेर पडणारा जिंकणार होता. जिंकला तो रिची व्हाइट नावाचा, रानाची सवय असलेला माणूस, आणि संपूर्ण डावात त्याने एकही गोळी झाडली नाही! बाद होणे महाग होते, म्हणून न दिसणे हीच त्या दिवशीची सर्वोत्तम चाल ठरली.

पुढे बंदुका बदलल्या. आरंभीच्या बंदुकीत दर गोळीला हाताने खटका मागे-पुढे करावा लागे. नंतरच्या स्वयंचलित आणि इलेक्ट्रॉनिक बंदुका सेकंदाला दहा-दहा गोळ्या ओकू लागल्या. एक गोळी वाया गेली तर काही बिघडत नाही, असे झाल्यावर नेम धरण्याची गरजच उरली नाही. समोरच्याला आडोशाबाहेर डोके काढू द्यायचे नाही यासाठी नुसता वर्षाव करायचा, ही रीत पडली. याला कंटाळून काही जुने खेळाडू आपणहून पुन्हा हाताने भरायच्या बंदुकांकडे वळले. मोजक्या गोळ्या हाती असल्या की प्रत्येक गोळी मोलाची होते, पाय हळू पडतात, डोके चालू लागते. सहलीच्या मैदानावरही हे दिसते. पिशवीतील गोळ्या संपत आल्या आणि जादा गोळ्यांना स्वतःच्या खिशातून पैसे मोजायचे आहेत हे लक्षात आले, की मघाचा शूर शिपाई एकाएकी विचारी सेनापती होतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सहलीला आलेले खेळाडू गोळी लागल्यावर आपणहून हात वर करून बाहेर येतात. कधी कधी गोळी न फुटताही येतात, सावलीत बसून थंड पाणी पिण्यासाठी! स्पर्धेच्या मैदानावर मात्र पंच डोळ्यांत तेल घालून उभे असतात, कारण अंगावरचा रंग हळूच पुसून खेळत राहण्याचा मोह तेथे अनेकांना होतो. असे करणारा सापडला तर त्याच्या संघातील आणखी खेळाडूंनाही बाहेर काढण्याची शिक्षा असते. किंमत वाढली की सावधपणा येतो, तशी लबाडीही येते. स्वस्त डावातील प्रामाणिकपणाचे फार कौतुक करू नये ते याचसाठी.

बाद होण्याची किंमत किती असावी, हा प्रश्न महाराष्ट्राने पेंटबॉलच्या कितीतरी आधी सोडवायला घेतला होता. आपली कबड्डी, म्हणजे पूर्वीची हुतूतू, एकेकाळी तीन निरनिराळ्या रीतींनी खेळली जाई आणि त्या तिघींत मुख्य भेद होता तो याच मुद्द्याचा. गामिनी प्रकारात बाद झालेला गडी आपल्या संघाचे सगळे गडी बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमर प्रकारात, नावाप्रमाणेच, कोणी मरत नसे. प्रतिपक्षाला गुण मिळे आणि गडी मैदानातच राही. संजीवनीत समोरचा एक गडी बाद झाला की आपला एक गडी उठून परत येई.

नियमातील एवढ्याशा फरकाने खेळाची प्रकृतीच बदलते. गामिनीत संघाचा सर्वांत तेज चढाईपटू सुरुवातीलाच पकडला गेला तर डावाचा उरलेला भाग तो बाहेर बसून बघणार. साहजिकच त्याला जपून वापरणे आणि त्याने स्वतःला जपणे ओघानेच आले. अमरमध्ये जपण्यासारखे काहीच नाही. चढाईपटू बेधडक आत शिरेल, क्षेत्ररक्षकही बिनधास्त झेप घेईल. पण मैदानावरील गड्यांची संख्या कधीच घटत नसल्याने शेवटचा एकटा गडी सात जणांशी झुंजतो आहे, असा श्वास रोखून धरायला लावणारा प्रसंगच तेथे येत नाही. बाद होण्याला किंमत आहे, पण ती पुढे वसूल करता येते, असा मधला मार्ग संजीवनीने काढला. आजची कबड्डी याच पायावर उभी आहे. सगळा संघ बाद झाला तर लोण पडतो आणि प्रतिपक्षाला जादा गुण मिळतात.

तरीही एक पळवाट उरली होती. आघाडीवर असलेल्या संघाचा गडी चढाईला जाई, निदान रेषेला पाय लावून निमूटपणे परत येई. गुण नाही, पण धोकाही नाही. असे दहा वेळा घडले की प्रेक्षक जांभया देऊ लागत. यावर उपाय निघाला तो तिसऱ्या चढाईचा. सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवायचा नाहीतर बाद व्हायचे. 2014 मध्ये सुरू झालेल्या प्रो कबड्डी लीगमुळे हा नियम दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोहोचला. काही न करण्यालाच येथे किंमत लावली गेली. त्याचबरोबर मैदानावर तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना केलेल्या पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, जादा गुण ठेवून धोका पत्करण्याचे बक्षीसही वाढवले गेले.

गल्लीतल्या पोरांना तर याहून पुढचा शोध केव्हाच लागलेला आहे. मोठ्या भावाच्या मागे लागून खेळायला आलेल्या चार-पाच वर्षांच्या पोराला ‘कच्चा लिंबू’ म्हणून डावात घेतात. त्याला कोणी बाद करत नाही. तो मनसोक्त धावतो, कोणाच्याही अंगावर जातो, आणि थोडा मोठा झाला की हीच सवलत त्याला अपमानास्पद वाटू लागते. आपल्यावरही राज्य यावे असा हट्ट तो स्वतःच धरतो.

आता प्रश्न असा, की स्वस्त डावात दिसलेले धाडस माणसाच्या स्वभावाची खूण मानावी काय? सहली आयोजित करणारे व्यवस्थापन-प्रशिक्षक तसे मानतात. पेंटबॉलच्या मैदानावर नेतृत्वगुण उघडे पडतात, असे सांगितले जाते. या दाव्याची परीक्षा घेण्यासाठी लोणावळ्याला जाण्याचे कारण नाही. ती परीक्षा वेगळ्या रूपात सोलापूर आणि अकोला जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी देऊन ठेवली आहे.

हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या कोरडवाहू शेतीच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने सत्तरच्या दशकात या जिल्ह्यांतील आणि तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील महबूबनगर जिल्ह्यातील निवडक गावांचा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यातच हान्स बिन्सवांगर या अर्थशास्त्रज्ञाने 240 कुटुंबांसमोर नाणेफेकीचा एक खेळ मांडला. त्यात अनेक पर्याय होते. एका टोकाला, नाणे कसेही पडो, 50 पैसे नक्की. दुसऱ्या टोकाला, नाणे अनुकूल पडले तर दोन रुपये आणि न पडले तर शून्य. मधले पर्याय कमीअधिक जोखमीचे. पैसे खरोखर दिले जात. पुढे याच खेळातील रकमा दहापट, शंभरपट वाढवत नेल्या आणि सर्वांत मोठ्या डावातील रक्कम मजुराच्या महिन्याच्या कमाईहून अधिक झाली.

1980 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आजही अर्थशास्त्राच्या वर्गांत शिकवला जातो. पैशांच्या डावात माणसांच्या निवडी चहूकडे विखुरलेल्या होत्या. कोणी सावध, कोणी उदासीन, कोणी चक्क जुगारी. रक्कम वाढत गेली तसे हे वैविध्य आटत गेले आणि मोठ्या डावात जवळजवळ सगळेच मध्यम सावध झाले. सधन शेतकरी किंचित अधिक धीट दिसला, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरण्याइतका नव्हता. त्याहून बोलका निष्कर्ष दुसरा होता. ‘अमुक परिस्थितीत तुम्ही काय कराल?’ असे नुसते विचारून मिळालेली उत्तरे आणि खरे पैसे समोर ठेवल्यावरचे वर्तन यांचा परस्परांशी मेळच बसला नाही.

म्हणजे रंगगोळ्यांच्या डावात पुढे धावणारा तरुण भित्रा आहे असे नव्हे, आणि शूर आहे असेही नव्हे. पंधरा मिनिटांच्या मरणाला तो कसे उत्तर देतो, एवढेच त्या दुपारी कळते. त्यावरून कोणाला बढती द्यायची हे ठरवणे म्हणजे 50 पैशांच्या नाणेफेकीवरून शेतकऱ्याची वृत्ती ठरवण्यासारखे आहे. शेतकऱ्याच्या बाबतीत ही चूक सर्रास होते. नवे बियाणे, नवे पीक बांधावर चार ओळींत करून बघायला तो चटकन तयार होतो. संपूर्ण रानात तेच घ्या म्हटले की मागे सरतो आणि मग त्याला जुन्या वळणाचा ठरवले जाते.

बोरीच्या शिवारात जून महिन्यात हेच चालते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये, असा कृषी शास्त्रज्ञांचा सल्ला दरवर्षी दिला जातो. पहिल्या दमदार सरीनंतर शेजाऱ्याची तिफण चालू लागली तरी ज्याच्या घरी सोयाबीनच्या बियाण्यासाठी उसनवारी झालेली आहे, तो आभाळाकडे बघत चार दिवस थांबतो. पावसाने ओढ दिली आणि उगवण करपली, तर पुन्हा डावात येण्याचा मार्ग आहे. पण तो दुबार पेरणीचा, आणि त्यासाठी बियाणे, खत आणि मजुरी पुन्हा उभी करावी लागते.