एका शेअरची करामत

2007 साली केमन बेटांवरच्या सीजीपी इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीचा एक शेअर विकला गेला. एकच. किंमत सुमारे 11 अब्ज डॉलर!

विकणारा हाँगकाँगचा हचिसन समूह, घेणारी व्होडाफोनची नेदरलँड्समधली कंपनी. आणि या शेअरच्या पोटात काय होतं? आपलं ‘हच’, म्हणजे मोबाइल सेवा देणारी कंपनी. मुंबईत मुख्यालय, गावोगावी टॉवर, कोट्यवधी ग्राहक. केमनच्या कंपनीखाली मॉरिशसच्या कंपन्या, त्यांच्याखाली भारतातली, अशी उतरंड रचलेली होती. वरच्या त्या शेअरचा हातबदल झाला आणि खालच्या धंद्याचा ताबा नव्या मालकाकडे गेला. भारतात मात्र कागदोपत्री काहीच विकलं गेलं नव्हतं. केमनमध्ये तर प्राप्तिकरच नाही.

आयकर खात्याने 11 हजार कोटींहून अधिक कर मागितला. मुंबई उच्च न्यायालयात खातं जिंकलं, पण जानेवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोनच्या बाजूने निकाल दिला : परदेशी कंपनीचा शेअर परदेशात विकला गेला, त्यावर कर लावण्याची सोय तेव्हाच्या भारतीय कायद्यात नव्हती. चिडलेल्या सरकारने त्याच वर्षी कायदाच बदलला आणि तो मागच्या तारखेपासून, थेट 1962 पासून लागू केला. हा शुद्ध रडीचा डाव होता. 2021 मध्ये तो मागे घ्यावा लागला.

न्यायालय कायद्याला धरूनच बोललं, असं मला वाटतं. पण कायदेशीर म्हणजे न्याय्य, हे काही गळी उतरत नाही. नफा पिकला तो इथल्या रिचार्जवर, इथल्या रेडिओलहरींच्या परवान्यांवर. त्यात इथल्या तिजोरीचा वाटा नसावा?

आता महाराष्ट्रातल्या एखाद्या शिपायाची पगारस्लिप बघा. व्यवसाय कर : महिना 200 रुपये, फेब्रुवारीत 300. पगार हातात पडण्याआधीच कापलेला. मध्ये मॉरिशस घालायला जागाच नाही. हा कर 1975 साली आला तो रोजगार हमीसाठी. 1972च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना मागतील तेव्हा काम मिळावं, हा या योजनेचे जनक वि. स. पागे यांचा ध्यास होता. शहरातल्या पगारदारांनी कर भरायचा, तेवढीच भर सरकारने घालायची आणि त्यातून गावात पाझर तलाव, नालाबांध, रस्ते व्हायचे. कर घेताना तो कशासाठी, हे इतकं उघड सांगितल्याचं उदाहरण विरळाच. पुढे 2005 साली देशाने रोजगार हमीचा कायदा केला, तो याच वाटेने.

एक गोष्ट मात्र खटकते. राज्यघटनेच्या 276व्या कलमाने या कराला वर्षाला 2500 रुपयांची कमाल मर्यादा घातली आहे. ती 1988 मध्ये ठरली. त्यामुळे आजही शिपाई 2500 भरतो आणि त्याच कंपनीचा कोट्यधीश अध्यक्षही 2500च.