काचेच्या पेटीतले गप्पी

मुलांच्या हट्टापायी आम्ही जामनेरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोन फुटी काचपेटी आणली. त्याच दिवशी नळाचे पाणी भरले नि आठ गप्पी मासे सोडले. आठवड्यात पाच मेले. धाकटी त्या रात्री जेवली नाही.

उपासमार नव्हती, उलट आम्हीच खाणे जास्त टाकत होतो. उरलेले खाणे कुजून अमोनिया होतो. तो पचवणारे जिवाणू नव्या पेटीत वाढायला चार-सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यातले क्लोरीनही माशांना घातक. ते पाणी बादलीत दिवसभर उघडे ठेवावे. आठवड्याला पेटीतले चौथा हिस्साच बदलावे. आपल्या खानदेशी उन्हाळ्यात तापल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. वीज गेली, पंप थांबला, की मगाने पेटीतलेच पाणी वरून ओतत राहायचे.

कंटाळा आला तरी मासे कांग नदीत सोडू नका. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला, इथल्या माशांच्या वाट्याचे खातो. आमच्या उरलेल्या तिघांना आता पिल्ले झाली आहेत. हवी असतील त्यांनी बरणी घेऊन यावे.