अतिवेदनशीलता, अफूजन्य वेदनाहारकांमुळे होणारी

मॉर्फीन, फेंटानील इ. अफूजन्य व तत्सम संश्लेषित वेदनाहारके मोठ्या मात्रेत किंवा दीर्घकाळ दिल्याने काही रुग्णांत वेदना शमण्याऐवजी तिची जाणीवच तीव्र होते. या अवस्थेस ही संज्ञा आहे. मॉर्फीन टोचल्याने वेदना उलट वाढत असावी, अशी शंका ब्रिटिश वैद्य टॉमस क्लिफर्ड ऑलबट यांनी १८७० मध्येच व्यक्त केली होती.

या अवस्थेत सुईची टोचणी नेहमीपेक्षा अधिक दुखते. अंगावरील चादर, सदरा किंवा हलका हात यांचा स्पर्शही असह्य होतो. वेदना मूळ जागेपुरती न राहता पसरते व तिचे नेमके स्थान सांगता येत नाही. मॉर्फिनामुळे अंगास सुटणारी खाज ही याहून वेगळी होय.

मेरुरज्जूतील एनएमडीए ग्राहींचे उद्दीपन व मेंदूकडून खाली येणाऱ्या वेदनावर्धक संदेशांतील वाढ ही याची प्रमुख कारणे मानली जातात. मूत्रपिंडे अकार्यक्षम असल्यास मॉर्फिनापासून शरीरात बनणारे काही पदार्थ साचतात. त्यांमुळे तंत्रिका तंत्र उद्दीपित होऊन स्नायूंना झटकेही येतात.

निदानात खरी अडचण कर्करोगाच्या रुग्णाबाबत येते. मुंबईत परळचे टाटा स्मारक रुग्णालय (स्थापना १९४१) व वांद्र्याचे शांती आवेदना सदन (१९८६) यांसारख्या संस्थांत अशा रुग्णांची वेदना हाताळली जाते. वेदना वाढली, की रोग बळावला किंवा औषध अंगवळणी पडले, असे प्रथम वाटते. औषध अंगवळणी पडले असल्यास मात्रा वाढविल्याने आराम पडतो. अतिवेदनशीलतेत मात्र मात्रेबरोबर वेदनाही वाढते. अशा वेळी तज्ञ मात्रा क्रमाने कमी करतात, मेथॅडोनसारखे दुसरे औषध योजतात किंवा केटामीन अल्प मात्रेत देतात.

रुग्णाने अथवा नातेवाइकांनी औषध एकाएकी बंद करू नये. तसे केल्यास वेदना उसळते व औषध तुटल्याची लक्षणे दिसतात. या दुष्परिणामाच्या भीतीने मॉर्फीन नाकारणेही योग्य नव्हे. १९८५ च्या अंमली औषधी द्रव्यांविषयीच्या कायद्यामुळे ते मिळणे दुष्कर झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने वैद्यकीय उपयोगाची वाट सुकर केली. तीव्र कर्कवेदनेवर ते आजही प्रमुख औषध आहे.