दाखल क्रमांकाची साक्ष

कुठल्याही विद्यापीठाच्या ग्रंथालयातलं एक जाडजूड संदर्भपुस्तक काढा आणि शीर्षकपृष्ठ उलटून पाहा. मागच्या बाजूला शिक्का असतो आणि शिक्क्यात एक आकडा. हा दाखल क्रमांक. पुष्कळ ग्रंथालयांत तोच आकडा आतल्या एका ठरलेल्या पानावरही लिहिलेला असतो. त्या पानाला ग्रंथपाल ‘गुप्त पान’ म्हणतात. शीर्षकपृष्ठ फाटलं तरी पुस्तकाची ओळख पुसली जात नाही.

आता या आकड्याचा माग काढा. दाखल नोंदवहीत त्याच्यासमोर लेखक, प्रकाशक, विक्रेता, किंमत, बिलाचा क्रमांक आणि तारीख असते. त्या बिलावर उलट दाखल क्रमांक लिहिलेले असतात आणि बिल लेखा विभागातून, ऑडिटमधून गेलेलं असतं. पुस्तक, वही आणि बिल अशा तीन जागी एकच गोष्ट सांगितलेली असते. चकचकीत इमारत वर्षभरात उभी राहू शकते, पण पाच वर्षांची ही साखळी तपासणीच्या आदल्या रात्री तयार करता येत नाही. नव्या खासगी विद्यापीठाच्या बाबतीत मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. त्याच्यामागे जुनं नाव नसतं, म्हणून कागदच बोलावा लागतो.

हा कागद वाचणाऱ्या दोन मुख्य संस्था आहेत आणि दोन्ही 1994 सालच्या. नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन आणि प्रत्यायन परिषद, अख्ख्या संस्थेचं मूल्यांकन करते. एनबीए, म्हणजे राष्ट्रीय प्रत्यायन मंडळ, मात्र एकेका तांत्रिक अभ्यासक्रमाला मान्यता देते, म्हणजे त्याच महाविद्यालयात मेकॅनिकलला मान्यता आणि सिव्हिलला नाही, असं होऊ शकतं. 2014 मध्ये भारत इंजिनिअरिंग पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या ‘वॉशिंग्टन अकॉर्ड’ या आंतरराष्ट्रीय कराराचा कायम सदस्य झाला आणि एनबीएच्या पहिल्या श्रेणीतल्या इंजिनिअरिंग पदव्यांचं वजन परदेशातही वाढलं.

नॅकच्या 2017 सालच्या चौकटीत विद्यापीठाच्या एकूण 1000 गुणांपैकी ‘ग्रंथालय’ या शीर्षकाखाली 20 गुण होते. मला ते कमी वाटतात. पण ते कशासाठी होते हे पाहिलं की मन हरखून जातं. ग्रंथालय संगणकीकृत आहे का, ई-जर्नल्स घेता का, पाच वर्षांत पुस्तकांवर सरासरी किती खर्च केला, हे प्रश्न होतेच. त्यांच्या जोडीला आणखी एक होता: रोज किती शिक्षक आणि विद्यार्थी ग्रंथालय खरोखर वापरतात? दारातली नोंद आणि ऑनलाइन लॉगिन, दोन्हींचा पुरावा द्यायचा. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. पुस्तक वापरण्यासाठी असतं, हा त्यातला पहिलाच. गणिताच्या या माणसाचा विचार कित्येक दशकांनी मूल्यांकनाच्या सूत्रात टक्केवारी होऊन उतरला!

देवघेवीच्या टेबलावर बारकोडचा ‘टिक्’ आवाज होतो, तेव्हा हाच पुरावा जमा होत असतो. या नोंदींतून ग्रंथपालाला आणखीही दिसतं: अभ्यासक्रमात नेमलेलं कोणतं पुस्तक सत्रभर कुणी नेलंच नाही, कोणत्यासाठी रांग लागली, कोणत्या विषयाची आवृत्ती जुनी झाली. अभ्यास मंडळाने या याद्या मागवून घ्यायला हव्यात, असं मला मनापासून वाटतं.

पीएचडीच्या बाबतीत तर ग्रंथालयाचं काम आणखी खोल जातं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) वाङ्मयचौर्यविषयक 2018 च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. प्रबंधात ते 60 टक्क्यांवर गेलं तर नोंदणीच रद्द होते. सॉफ्टवेअरवर प्रबंध चढवून हा आकडा काढण्याचं काम बहुतेक ठिकाणी ग्रंथालयातच होतं. मग प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ भांडारात जातो. तिथे तो मोफत खुला असतो. खासगी विद्यापीठातल्या संशोधनाचा दर्जा ठरवायला मग तपासणी समितीचीच वाट पाहावी लागत नाही. गडचिरोलीतला एखादा विद्यार्थीसुद्धा तो उघडून त्यातला तक्ता तपासू शकतो आणि चूक सापडली तर बोट ठेवू शकतो.