पोथी सांकेतिक, गोष्ट मोकळी

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचं गाव आहे. तिथे 1278 च्या सुमारास म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. मराठीतला हा आद्य गद्यग्रंथ चाळताना वाचक एके ठिकाणी थबकतो, कारण समोर चक्क काऊ-चिऊची गोष्ट येते! चिऊच्या जागी साळई आहे, पण कावळ्याचं घर शेणाचंच, तिचं मेणाचंच. पाऊस येतो आणि शेणाचं घर वाहून जातं. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांनी सांगितलेली ही गोष्ट मराठी घरांतली लहान पोरं आजही ऐकतात.

पुढची गंमत तर याहून मोठी. चौदाव्या शतकापासून महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले. पंथाबाहेरच्या अभ्यासकांना त्या लिपीची किल्ली सापडली ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. मधल्या सहाएकशे वर्षांत गावोगावच्या आज्यांना ती पोथी वाचता येणं शक्यच नव्हतं. तरीही गोष्ट हरवली नाही, की तिचं शेण-मेण बदललं नाही.

हे कसं जमलं? लोककथेची घडणच तशी असते. डॅनिश अभ्यासक अॅक्सेल ऑलरिक यांनी 1909 साली मौखिक कथांचे काही नियम मांडले: एका प्रसंगात बहुधा दोनच पात्रं बोलतात, ती एकमेकांच्या उलट स्वभावाची असतात, आणि महत्त्वाची कृती पुन्हापुन्हा, बहुतेकदा तीनदा घडते. काऊ-चिऊ आठवून पाहा. बंद दाराच्या आत एक, बाहेर एक. मागणी तीच, सबबी फक्त बदलतात. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीला जाताना भेटलेली जनावरंच येताना भेटतात, म्हणजे अर्धी गोष्ट पाठ न करताच पाठ होते. पात्रांना नावं नसतात आणि मनातलं वर्णनही नसतं. राग आला तर कुणीतरी दार आपटतं. एवढा सांगाडा ध्यानात राहिला की मांस सांगणाऱ्याने भरायचं.

गोष्टींचे प्रकार मात्र वेगळ्याच कसोटीवर पाडावे लागतात: ऐकणाऱ्याने ती कितपत खरी मानायची? अमेरिकन अभ्यासक विल्यम बॅस्कम यांनी 1965 मध्ये दैवतकथा, दंतकथा आणि लोककथा हे तीन भाग याच आधारावर केले. वऱ्हाडात ते तिन्ही शेजारी शेजारी नांदतात.

मेळघाटातल्या कोरकूंची उत्पत्तिकथा ही दैवतकथा. रावणाच्या विनंतीवरून महादेव वारुळाच्या लाल मातीतून दोन माणसं घडवतो, पण इंद्राचे घोडे येऊन त्या मूर्ती तुडवतात. अखेर महादेव आधी कुत्रा घडवतो. कुत्रा घोड्यांना पिटाळतो आणि मुला-मुलई हे पहिलं जोडपं जिवंत होतं. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 च्या ग्रंथात ही कथा नोंदवली आहे. थेट छोटा नागपूरच्या मुंडा लोकांच्या कथेतही घोडा मातीचा माणूस तुडवतो! कोरकू ही मुंडा कुळातली सर्वांत पश्चिमेची भाषा. भाषेचं आणि कथेचं नातं असं शेकडो किलोमीटर ओलांडून जुळतं.

दंतकथेला जागेचा पुरावा लागतो. कौंडिण्यपूर दाखवून रुक्मिणीचं माहेर सांगितलं जातं, आणि अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून कृष्णाने तिला नेलं असंही. लोणारचं सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर उल्केच्या आघाताने झालं. दंतकथा तिथे विष्णूने लवणासुराला मारलं असं सांगते, आणि गावात दैत्यसूदनाचं देऊळ उभं आहे.

काऊ-चिऊच्या घराचा पत्ता मात्र कुणी विचारत नाही. ती निव्वळ लोककथा. दंतकथा आणि लोककथा या दोहोंच्या मधे श्रावणातली कहाणी बसते. तिचं आटपाट नगर कुठल्याच नकाशात नसतं, तरी ती हातात अक्षता घेऊन ऐकायची असते.

काही कथा तर कुठल्याच मुलखाच्या नसतात. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची कथा चक्रधरांच्या दृष्टांतांत आहे, त्याआधी ती बौद्धांच्या ‘उदान’मध्ये आहे, आणि त्याच तेराव्या शतकात तुर्कस्तानातल्या कोन्या शहरी रूमी अंधाऱ्या घरातल्या हत्तीची कथा रचत होता.

तुमच्या घरी, गावी वऱ्हाडीत गोष्ट सांगणारं कुणी असेल तर मोबाइलवर ती रेकॉर्ड करा. सांगणाऱ्याचं गाव, तारीख आणि ती कुणाकडून ऐकली हे टिपून घ्या. भाषा प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नका. आणि दोन आज्यांच्या सांगण्यात फरक पडला, तर खरी कोणती याचा वाद न घालता दोन्ही लिहून ठेवा.