परदेशी विद्यार्थी वर्ध्यात हिंदी कसे शिकतात?

भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटावर घरोघरी माल्टी भाषा बोलतात आणि विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवतात. वर्ध्यातही तसंच आहे. गावाची बोली मराठी, आणि महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात परदेशी विद्यार्थी हिंदी शिकायला येतात.

या विद्यापीठाचं मूळ जानेवारी १९७५मधल्या नागपूरच्या पहिल्या विश्व हिंदी संमेलनात आहे. ते भरवण्यात १९३६ साली स्थापन झालेल्या वर्ध्याच्या राष्ट्रभाषा प्रचार समितीचा पुढाकार होता. वर्ध्यात आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ व्हावं, असा ठराव तिथे झाला. विद्यापीठ प्रत्यक्षात आलं १९९७ साली.

परदेशी विद्यार्थ्याचा प्रवास कागदपत्रांपासून सुरू होतो. आधी विद्यापीठाचं प्रवेशपत्र मिळवायचं, मग ते दाखवून आपल्या देशातल्या भारतीय दूतावासाकडून विद्यार्थी व्हिसा घ्यायचा. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल, तर भारतात आल्यावर १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. हे काम आता ऑनलाइन होतं. विमानतळ नागपूरचा, तिथून वर्धा साधारण ७५ किलोमीटर.

मग भाषा. हिंदी अजिबात न येणाऱ्याला थेट साहित्याच्या वर्गात बसवून उपयोग नसतो. आधी देवनागरी, मग संभाषण, मग व्याकरण असा पाया घालावा लागतो. त्यासाठी अल्पमुदतीचे अभ्यासक्रम असतात. पाया पक्का झाला की पदवी, पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनाची वाट मोकळी होते.

खरी कसोटी लागते ती बाजारात. लिपी तीच, म्हणून विद्यार्थी गिरणीवरची 'दळण' ही पाटी वाचायला जातो आणि 'ळ'पाशी अडतो. वर्गातल्या हिंदीत हे अक्षर त्याला भेटलेलं नसतं. हिंदीत लिंगं दोन, मराठीत तीन. सुरुवातीला गोंधळ उडतो, पण दोन भाषा शेजारी ठेवून ऐकल्या की प्रत्येकीची घडण स्पष्ट कळू लागते. निव्वळ हिंदीभाषक गावात हा लाभ मिळत नाही.

म्हणून वर्धेकरांना एक विनंती. दुकानात परदेशी विद्यार्थी अडखळत हिंदी बोलू लागला, तर लगेच इंग्रजीवर येऊ नका. त्याचं वाक्य पुरं होऊ द्या, हिंदीतच उत्तर द्या आणि जमलं तर मराठीतले चार शब्दही शिकवा. त्याच्या शिक्षणातला हा वाटा आपल्यालाच उचलायचा आहे.