वारेपासून रक्तवाहिनीपर्यंत : प्रीएक्लॅम्पसियाच्या पेशीविचाराचा मागोवा

गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 किंवा त्याहून वर जाणे आणि त्यासोबत लघवीतून प्रथिने जाणे किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू यांच्या कार्यात बिघाड दिसणे, या अवस्थेला प्रीएक्लॅम्पसिया म्हणतात. तिच्यात झटके येऊ लागले की एक्लॅम्पसिया. रक्तदाबावरून ओळखल्या जाणाऱ्या या आजाराचे मूळ वारेच्या आणि रक्तवाहिन्यांच्या पेशींत आहे, ही समज पक्की व्हायला मात्र शतकाहून अधिक काळ लागला.

1893 मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ गेओर्ग श्मोर्ल यांना एक्लॅम्पसियाने दगावलेल्या स्त्रियांच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत अनेक केंद्रकांच्या मोठ्या पेशी आढळल्या, आणि त्या वारेतून सुटून आलेल्या आहेत हे त्यांनी ओळखले. वारेवरचा हा संशय द्राक्षगर्भाने बळकट केला, कारण त्यात गर्भ नसतानाही, केवळ वारेच्या ऊतीची अनिर्बंध वाढ असताना, हा आजार होऊ शकतो.

1959 मध्ये शिकागोतील बेंजामिन स्पार्गो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या मूत्रपिंडाचे नमुने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा रक्त गाळणाऱ्या केशिकागुच्छांत आतून अस्तरासारख्या पसरलेल्या पेशी, म्हणजे अंतःस्तर पेशी, सुजून केशिकांचा मार्ग अडवत असल्याचे दिसले. इजा नेमकी कोणत्या पेशीला होते हे आता कळले होते. ती का होते हे कळायचे होते.

त्या उत्तराचा पहिला भाग गर्भाशयाच्या भिंतीत मिळाला. ब्रोसेन्स, रॉबर्टसन आणि डिक्सन यांनी 1967 मध्ये दाखवले की निरोगी गरोदरपणात वारेच्या ट्रोफोब्लास्ट पेशी गर्भाशयाच्या सर्पिल धमन्यांत शिरतात आणि त्यांच्या भिंतीतील स्नायू व लवचीक तंतू नाहीसे करून त्या जागी स्वतः वसतात, ज्यामुळे अरुंद धमन्या रुंद होऊन वारेला संथ आणि मुबलक रक्त मिळते. प्रीएक्लॅम्पसियात हा बदल वरवरच्या थरातच थांबतो, गर्भाशयाच्या स्नायूतील धमन्या अरुंदच राहतात, हे त्यांनी 1972 मध्ये मांडले.

1989 मध्ये जेम्स रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी प्रीएक्लॅम्पसिया हा अंतःस्तर पेशींचा विकार असल्याचे प्रतिपादन केले, तर ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर रेडमन यांनी त्याची दोन टप्प्यांत मांडणी केली : आधी वारेला रक्त अपुरे पडते, मग वारेतून आईच्या रक्तात आलेले घटक तिच्या अंतःस्तराला इजा करतात. असा एक घटक 2003 मध्ये बॉस्टनमधील शेरॉन मेनार्ड, अनंत करुमांची आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिला. एसएफएलटी-1 हे प्रथिन आजारी वारेतून जादा प्रमाणात बाहेर पडते आणि अंतःस्तर पेशींना टिकवणारे वाढघटक रक्तातच बांधून ठेवते. गाभण उंदरांना ते दिल्यावर रक्तदाब वाढला, लघवीतून प्रथिने गेली आणि स्पार्गो यांनी पाहिलेली तीच सूज मूत्रपिंडात उमटली. चाळीसहून अधिक वर्षांच्या अंतराने झालेली दोन निरीक्षणे या प्रयोगाने एका साखळीत आणली.

या पेशीविचाराचे व्यावहारिक महत्त्व फार मोठे आहे. धमन्यांमधील बदल गरोदरपणाच्या पूर्वार्धात घडतो, म्हणून प्रतिबंधही तेव्हाच सुरू व्हायला हवा. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ॲस्प्रे चाचणीत जोखीम असलेल्या स्त्रियांना 11 ते 14 आठवड्यांपासून रोज 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर मुदतपूर्व प्रीएक्लॅम्पसियाचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटले. एकदा आजार जडल्यावर रक्तदाबाची औषधे आणि झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट आईचे रक्षण करतात, पण वार शरीराबाहेर पडल्याखेरीज आजाराचे मूळ हटत नाही. म्हणूनच पहिल्या तिमाहीतच गर्भवतीची नोंद, तपासणी आणि जोखमीची पारख होणे हा या संपूर्ण संशोधनाचा सर्वांत तातडीचा निष्कर्ष ठरतो.